रिठा, रक्त आणि मोकळं कोलेस्टेरॉल: अमळनेरच्या प्रयोगशाळेतल्या प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४

कॉलेज सुरू झालं. यंदा बारावीच्या चार मुलांचा गट प्रकल्पासाठी माझ्याकडे आहे. तीन मुली, एक मुलगा. दोघी गावातल्याच, बाकीचे पारोळा रस्त्यावरच्या खेड्यांतून एसटीनं येतात. विषय मी सुचवला: जिवाणूंचा संसर्ग होतो तेव्हा आपल्या पेशी स्वतःच्या पटलातला मेद कसा वापरतात?

रोगप्रतिकार म्हटला की मुलांना पांढऱ्या पेशी आणि अँटिबॉडी आठवतात. पेशीपटल म्हटलं की पुस्तकातली ती आकृती आठवते, गोल डोक्यांच्या दोन रांगा आणि मध्ये लोंबणाऱ्या शेपट्या. सिंगर आणि निकोल्सन, १९७२, द्रायू मोझेक प्रारूप, दोन गुण. तो मेद आजारपणात काही काम करतो, हे कुठल्याच धड्यात येत नाही. मला ही फार मोठी उणीव वाटते. पटल ही नुसती भिंत आहे असं मुलांच्या मनात एकदा बसलं की पुढे ते निघता निघत नाही.

अट एकच. रोगजंतू वाढवायचे नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत ती सोय नाही आणि सोय असल्याशिवाय तो विचारही करू नये. म्हणून काही जिवाणूंच्या विषासारखा पटलाला भोक पाडणारा, पण घरात मिळणारा पदार्थ हवा. रिठा घ्यायचं ठरलं.

२२ जून

पाया पक्का करायला आजचा तास दिला. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच संशोधकांनी तांबड्या पेशींतला मेद काढून पाण्यावर पसरवला. त्यानं व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरली, म्हणून पटल दोन थरांचं आहे असं त्यांनी सांगितलं. त्यांनी तांबड्या पेशीच का घेतल्या? सस्तन प्राण्यांच्या पिकलेल्या तांबड्या पेशीत केंद्रक नाही, आत दुसरी पटलंही नाहीत. जे आहे ते एकच, बाहेरचं. आम्हीही त्याच कारणानं त्याच घेणार.

फळ्यावर लिहिलेलं इथे उतरवते. पटलाची जाडी साधारण ५ नॅनोमीटर. माणसाच्या पेशीत बाहेरच्या थरात फॉस्फॅटिडिलकोलीन आणि स्फिंगोमायलिन जास्त, आतल्या थरात फॉस्फॅटिडिलसेरीन आणि फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन जास्त. या सगळ्या मेदांत मिसळलेलं कोलेस्टेरॉल. बहुतेक जिवाणूंच्या पटलात कोलेस्टेरॉल नसतं. या शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या. पुढचं बरंचसं त्यावरच उभं राहणार आहे.

रक्त आम्ही बकरीचं घेणार, म्हणून तिच्या तांबड्या पेशींबद्दल दोन गोष्टी मुलांना आधीच सांगून ठेवल्या. एक, गाय-मेंढी-बकरी यांच्या तांबड्या पेशींत फॉस्फॅटिडिलकोलीन फार थोडं आणि स्फिंगोमायलिन भरपूर असतं. दुसरी, बकरीच्या पेशी फार लहान आणि नाजूक. माणसाची तांबडी पेशी सात-आठ मायक्रोमीटरची, बकरीची त्याच्या निम्म्याहूनही कमी. सलाईन जरा पातळ झालं तरी त्या फुगून फुटतात. त्यामुळे ०.९ टक्के म्हणजे ०.९ टक्केच.

१ जुलै

सकाळी प्रयोगशाळेचे आप्पा खाटकाकडून रक्त घेऊन आले. बाटलीत सोडियम सायट्रेट आधीच घालून दिलं होतं, त्यामुळे गुठळी झाली नाही. हातमोजे सगळ्यांना. वापरलेलं सगळं ब्लीचिंगच्या पाण्यात रात्रभर ठेवून मगच टाकायचं, हा नियम दारावर लावला.

पेशी सलाईनमध्ये धुतल्या. वरचं पाणी काढायचं, पुन्हा सलाईन घालायचं, पुन्हा फिरवायचं, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. वीज अकरालाच गेली, म्हणून हातानं फिरवायचं जुनं सेंट्रिफ्यूज कपाटातून काढलं. मुलांनी पाळ्या लावल्या. शेवटी सलाईनमध्ये दोन टक्के पेशींचं मिश्रण तयार झालं.

हे मिश्रण गढूळ लाल दिसतं. टेस्ट ट्यूबच्या मागे छापील कागद धरला तर अक्षर वाचता येत नाही. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन बाहेर पडतं आणि द्रव लालच राहून पारदर्शक होतो. मागचं अक्षर स्वच्छ वाचता येतं. कलरीमीटर नसला तरी चालेल अशी ही कसोटी आहे. प्रदर्शनात लोकांना हेच दाखवायचं.

५ जुलै

रिठ्याची टरफलं सलाईनमध्येच भिजवली, साध्या पाण्यात नाही. साध्या पाण्यानं पेशी तशाही फुटतील आणि रिठ्याचं श्रेय पाण्याला जाईल. मलमलीतून आणि मग फिल्टर पेपरमधून गाळून दर वेळी निम्मं पातळ करत गेलो.

पहिल्या काही ट्यूब पाहता पाहता नितळ झाल्या. पुढच्या हळूहळू. शेवटच्या दोन तासाभरानंतरही गढूळ. जेमतेम पेशी फोडते ती पातळी आम्ही "कामाची पातळी" म्हणून ठेवली. याहून कडक रिठा घेतला तर कुठलाही बचाव त्यापुढे टिकणार नाही आणि फरक दिसणार नाही.

एका मुलीनं विचारलं, फेस येतो म्हणून पेशी फुटतात का, साबणासारख्या? चांगला प्रश्न. रिठ्यातली सॅपोनिनं साबणासारखी वागतात हे खरं, पण त्यांची कोलेस्टेरॉलशी खास जवळीक असते. ती तपासायची कशी, तेच पुढचं काम.

१३ जुलै

आजचा दिवस या प्रकल्पातला मला सगळ्यात जास्त आवडलेला.

जळगावहून शुद्ध कोलेस्टेरॉलची पूड आणि तुलनेसाठी सोया लेसिथिन, म्हणजे पटलात असतात तसल्या दुसऱ्या मेदांचं मिश्रण, आलं होतं. दोन्ही अल्कोहोलमध्ये विरघळवून रिठ्याच्या पाण्यात आधी मिसळलं, अर्धा तास ठेवलं आणि मग त्यात पेशी सोडल्या. चार ट्यूब: नुसता रिठा, रिठा आणि तेवढंच अल्कोहोल, रिठा आणि लेसिथिन, रिठा आणि कोलेस्टेरॉल.

पहिली फुटली. दुसरी तशीच फुटली, म्हणजे अल्कोहोलचा वाटा नाही. लेसिथिनची जरा उशिरा, पण फुटली. कोलेस्टेरॉलची ट्यूब गढूळच राहिली. मागे धरलेल्या कागदावरचं एक अक्षर दिसेना. मुलांनी आनंदानं टेबल वाजवलं आणि मीही त्यांना थांबवलं नाही.

अर्थ असा की रिठ्याला पेशीतलं कोलेस्टेरॉल हवं असतं. बाहेरच भरपूर मिळालं तर तो तिथेच गुंतून पडतो आणि पेशीपर्यंत पोचत नाही. ही गोष्ट जुनी आहे. १९०१ मध्ये रॅन्सम यांनी दाखवलं होतं की सॅपोनिनच्या माऱ्यापासून तांबड्या पेशींना वाचवणारा रक्तद्रवातला घटक कोलेस्टेरॉल आहे. १९०९ मध्ये विंडाउस यांनी डिजिटोनिन हे सॅपोनिन कोलेस्टेरॉलला घट्ट धरून खाली बसतं हे दाखवलं. ते आज अमळनेरमध्ये बारावीच्या मुलांनी स्वतःच्या हातानं केलं.

१६ जुलै

मुलगा म्हणाला, "मॅडम, रिठा काही जिवाणू नाही." बरोबर. आजचा पूर्ण तास त्यावर.

काही जिवाणू असं प्रथिन सोडतात की जे फक्त कोलेस्टेरॉल असलेल्या पटलालाच चिकटतं. घशात होणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसचं स्ट्रेप्टोलायसिन ओ. न्यूमोनियाच्या जिवाणूचं न्यूमोलायसिन. लिस्टेरियाचं लिस्टेरिओलायसिन. गॅस गँगरीनच्या क्लॉस्ट्रिडियमचं परफ्रिंगोलायसिन. हे विष पटलावर उतरतं, त्याचे तीस ते पन्नास रेणू एकमेकांना धरून कडं करतात आणि मग ते कडं एकदम आत घुसतं. पडणारं भोक २५ ते ३० नॅनोमीटर रुंद, म्हणजे पटलाच्या जाडीच्या पाचपट. त्यातून नुसते क्षार नाही, अख्खी प्रथिनं आरपार जातात. जिवाणूच्या स्वतःच्या पटलात कोलेस्टेरॉल नाही, त्यामुळे स्वतःच्याच विषानं तो मरत नाही. २२ तारखेच्या त्या दोन रेघा इथे उपयोगी पडल्या.

स्ट्रेप्टोलायसिनचं नाव मुलांना ओळखीचं निघालं. एकीच्या लहान भावाचे सांधे सुजले होते तेव्हा डॉक्टरांनी "एएसओ" तपासायला सांगितलं होतं. तीच ही तपासणी. स्ट्रेप्टोलायसिन ओ विरुद्ध रक्तात किती अँटिबॉडी तयार झाली ते त्यात मोजतात. एडगर टॉड यांनी १९३२ मध्ये या अँटिबॉडीवर काम केलं, आणि आज तालुक्याच्या लॅबमध्येही ही चाचणी होते.

रिठा आणि हे विष सारखे नाहीत, हे तक्त्यावर ठळक लिहायचं. रिठ्याचा रेणू लहान, तो कडं करत नाही, साबणासारखाही वागतो. दोघांत सामाईक गोष्ट एक: दोघांनाही कोलेस्टेरॉल लागतं.

२४ जुलै

आज मुख्य गोष्ट. ती सांगायची म्हणून हा विषय घेतला होता.

पटलातलं सगळं कोलेस्टेरॉल सारखं नसतं. २०१४ मध्ये टेक्सासमधल्या डॅलसच्या गटानं, ज्यात १९८५ चे नोबेल मानकरी ब्राउन आणि गोल्डस्टीन होते, त्याचे तीन वाटे दाखवले. एक वाटा स्फिंगोमायलिननं धरून ठेवलेला. एक पटलाच्या रचनेसाठी लागणारा, जो काढला तर पेशीच कोलमडते. आणि तिसरा, कुणी न धरलेला, विषाच्या हाती सहज लागणारा. मुलांना मी दावणीचं उदाहरण दिलं: दाव्याला बांधलेलं जनावर आणि मोकळं सुटलेलं जनावर. त्या क्षणापासून आमच्या वहीत दोनच शब्द आहेत, बांधलेलं कोलेस्टेरॉल आणि मोकळं कोलेस्टेरॉल. भोक पाडणारी विषं या मोकळ्यावर येऊन बसतात.

संसर्ग झाला की पेशी इंटरफेरॉन सोडून धोक्याची वर्दी देतात. त्या वर्दीनं महाभक्षी पेशींत (मॅक्रोफेजमध्ये) एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार होऊ लागतं आणि ते कोलेस्टेरॉलला पंचविसाव्या कार्बनवर एक ऑक्सिजन जोडतं. तयार होतं २५-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल. हा रेणू आसपासच्या पेशींतही शिरतो आणि दोन कामं करतो. नवं कोलेस्टेरॉल बनवणं मंदावतं, आणि पटलातलं मोकळं कोलेस्टेरॉल आत ओढून, मेदाम्ल जोडून, थेंबांच्या रूपात साठवलं जातं. पेशीतलं एकूण कोलेस्टेरॉल फारसं बदलत नाही. पृष्ठभागावरचं मोकळं तेवढं नाहीसं होतं. विष येतं, पण त्याला धरायला काही सापडत नाही. २०२० मध्ये डॅलसच्या आणि लॉस एंजेलिसच्या गटांनी हे स्वतंत्रपणे मांडलं. डॅलसच्या कामात तर लिस्टेरियाला एका पेशीतून शेजारच्या पेशीत जाणंही जड झालं, कारण त्या वाटेवरही त्याला पटलातलं हेच मोकळं कोलेस्टेरॉल लागतं.

पेशी इथे जिवाणूला मारत नाही. ती स्वतःच्या अंगात बदल करते आणि तो येण्याआधी तयार होते. शरीराचा बचाव म्हणजे फक्त मारामारी नव्हे, हे मुलांना आज पहिल्यांदा समजलं असं त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटलं.

इथे एक गोष्ट प्रदर्शनात मोठ्या अक्षरात हवी. रक्ताच्या रिपोर्टमध्ये येतं ते कोलेस्टेरॉल लिपोप्रोटीनमधून, म्हणजे मेद वाहून नेणाऱ्या कणांतून, फिरणारं. ते आणि पटलातलं मोकळं कोलेस्टेरॉल ही एकच मोजणी नव्हे. हा तक्ता वाचून कुणी गोळी बंद करू नये, कुणी तूपही वाढवू नये.

३० जुलै

पारोळ्याकडच्या मुलीच्या घरी म्हैस व्याली, वार अडकली, चार दिवसांनी ताप आणि घाण वास येणारा स्राव. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, औषध चालू आहे. तिनं विचारलं, "मॅडम, म्हशीला होतं त्यातही हेच विष असतं का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, वाचून सांगते म्हटलं. खान्देशात जिथे घराचं दूध हीच आठवड्याची रोकड आहे, तिथे हा प्रश्न माझ्या सगळ्या तक्त्यांहून मोठा आहे.

६ ऑगस्ट

उत्तर मिळालं, आणि ते आमच्या विषयाच्या अगदी गाभ्यातलं आहे.

व्यायल्यानंतर गायीच्या गर्भाशयात जिवाणू जवळपास नेहमीच शिरतात. काही गायींना त्यातून आजार होतो, काहींना होत नाही. आजार करणाऱ्यांत ट्रुपेरेला पायोजिनीस नावाचा जिवाणू असतो आणि त्याचं पायोलायसिन हे विष कोलेस्टेरॉलवर अवलंबून असलेल्या त्याच कुळातलं. वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठात यावर बरीच वर्षं काम चाललं आहे. गर्भाशयाच्या अस्तरात वरचा थर वेगळा आणि त्याखालच्या आधार देणाऱ्या पेशी वेगळ्या. पायोलायसिन या खालच्या पेशी सहज फोडतं, वरच्या थराच्या पेशी त्याला जास्त तोंड देतात. एरवी खालच्या पेशी झाकलेल्या असतात. पण वार सुटताना अस्तराचा वरचा थर जागोजागी निघून जातो, खालच्या पेशी उघड्या पडतात आणि नेमके तेव्हाच जिवाणू आत असतात.

तिथल्या संशोधकांनी बशीत वाढवलेल्या गायीच्या पेशींतलं कोलेस्टेरॉल कमी केलं, तेव्हा पायोलायसिननं होणारं नुकसान कमी झालं. २५-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉलसारख्या रेणूंनीही पेशी वाचल्या. याला ते सहनशीलता म्हणतात: जिवाणूंची संख्या तीच, पण नुकसान कमी. प्रतिकारापेक्षा ही गोष्ट वेगळी. मुलीला नीट समजावून सांगितलं की हे बशीतल्या पेशींवरचं काम आहे, म्हशीला द्यायचं औषध नव्हे. म्हैस आता चारा खाऊ लागली आहे. ते औषधानं झालं, आणि ते वेळेत मिळालं म्हणून झालं.

तक्त्याचं शीर्षक बदललं. आधी माणसाची पेशी मध्यभागी होती, आता तिच्या शेजारी गायीच्या गर्भाशयाचं अस्तर येणार.

१२ ऑगस्ट

काल कानबाई बसली, आज विसर्जन. वर्गात कुणीच नाही. रोट खाऊन आलेल्या आप्पांनी तेवढी प्रयोगशाळा झाडली.

१७ ऑगस्ट

आज पटलाच्या विद्युतभाराकडे वळलो. माणसाच्या पेशीचा बाहेरचा मेदथर जवळजवळ भाररहित. जिवाणूच्या पटलात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन हे मेद असल्यानं ते ऋणभारित. आपली त्वचा, आतडी, पांढऱ्या पेशी धनभारित छोटी प्रथिनं तयार करतात: डिफेन्सिन, आणि माणसातलं ३७ अमिनो आम्लांचं एलएल-३७. ती ऋणभारित पटलाकडे ओढली जातात आणि त्याची घडी विस्कटतात. आपल्या पेशीकडे तेवढी ओढली जात नाहीत, शिवाय आपल्यातलं कोलेस्टेरॉल पटल घट्ट ठेवून त्यांना आणखी अडवतं. मायकेल झॅसलॉफ यांनी १९८७ मध्ये आफ्रिकेतल्या बेडकाच्या कातडीतून अशीच प्रथिनं शोधली आणि त्यांना मॅगेनिन नाव दिलं.

म्हणजे एकच कोलेस्टेरॉल एका हल्ल्यात आपली कमजोरी आणि दुसऱ्यात आपलं संरक्षण. मुलांना हा पेच आवडला. मलाही. "कोलेस्टेरॉल चांगलं की वाईट?" असा प्रश्न आता ती विचारत नाहीत. कुठे आहे, बांधलेलं की मोकळं, असं विचारतात.

जिवाणूही गप्प बसत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या फॉस्फॅटिडिलग्लिसरॉलला लायसीन जोडून ऋणभार कमी करतो आणि या प्रथिनांपासून सुटतो. त्याचा बचावही मेद बदलूनच.

प्रयोग म्हणून दह्याची पातळ पुसण काचेवर घेऊन मिथिलीन ब्लूनं रंगवली. हा धनभारित रंग, जिवाणूतल्या ऋणभारित घटकांना धरतो. निळ्या काड्या आणि माळा छान दिसल्या.

२२ ऑगस्ट

मेद तोडून निरोप पाठवणं, या भागाला एकच तास. फॉस्फोलायपेज ए२ हे विकर पटलातून अ‍ॅरॅकिडोनिक आम्ल सोडवतं. त्यापासून प्रोस्टाग्लँडिन ई२ होतं, ते मेंदूला ताप चढवायला सांगतं. ल्यूकोट्राइन बी४ होतं, ते पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावतं. अ‍ॅस्पिरिन यातली प्रोस्टाग्लँडिनची वाट अडवतं, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. त्याबद्दल १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रोम आणि सॅम्युएल्सन यांच्याबरोबर मिळालं. याच विकराचा एक भाऊबंद आपल्या अश्रूंत असतो आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंचं पटलच कापतो.

विषय मोठा आहे, पण तक्त्यावर एवढंच पुरे. सगळं घेतलं तर मोकळं कोलेस्टेरॉल गर्दीत हरवेल.

२८ ऑगस्ट

पावसानं गावातलं पाणी गढूळ आहे, जुलाबाचे रुग्ण वाढले आहेत. म्हणून कॉलऱ्यावर बोलणं ओघानंच आलं. कॉलऱ्याचं विष कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलं. कॉलऱ्यानं ज्या देशाची गावंच्या गावं ओस पाडली त्याच देशातल्या माणसाचं हे काम, आणि त्यांचं नाव आमच्या मुलांनी आजवर ऐकलं नव्हतं. आता तक्त्यावर ते सगळ्यात वर आहे.

हे विष आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ नावाच्या मेदाला पाच हातांनी धरतं. जीएम१ हा गँग्लिओसाइड, म्हणजे डोक्यावर साखरेची साखळी असलेला मेद. आईच्या दुधातही गँग्लिओसाइड असतात आणि प्रयोगशाळेत ते या विषाला बांधून ठेवताना दिसले आहेत.

एक मुलगी पटकन म्हणाली, "म्हणजे आपली चौथी ट्यूब!" अगदी तेच. विषाला हवा असलेला मेद बाहेरच ठेवायचा आणि त्याला हूल द्यायची. मग मी त्यांना स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या कामाबद्दल सांगितलं. कोलेस्टेरॉल आणि स्फिंगोमायलिन यांचे सूक्ष्म फुगे करून त्यांत जिवाणूंची विषं अडकवायची, हे तिथल्या गटानं २०१४ मध्ये उंदरांत दाखवलं. पुढे असे फुगे गंभीर न्यूमोनियाच्या रुग्णांना प्रतिजैविकांच्या जोडीनं देऊन पाहिले गेले आणि त्या छोट्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. चाचणी मुख्यतः सुरक्षितता पाहण्यासाठी होती आणि त्यात मोठा धोका दिसला नाही. हे फुगे जिवाणूला मारत नाहीत, फक्त त्याचं हत्यार काढून घेतात. मारलंच नाही तर औषधाला निर्ढावण्याचा दबावही कमी राहील, अशी त्यामागची आशा.

४ सप्टेंबर

पोळा झाला. मुंबईहून मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन आलं. छोटी डबी, किंमत मोठी. शिक्षकांनी मिळून पैसे घातले.

याची गरज का पडली ते लिहून ठेवते. आमचा प्रयोग आतापर्यंत अर्धीच गोष्ट सांगतो. विषाला हूल कशी देता येते ते चौथ्या ट्यूबनं दाखवलं. पेशी स्वतः मोकळं कोलेस्टेरॉल कसं लपवते ते तांबडी पेशी दाखवूच शकत नाही, कारण तिच्यात केंद्रक नाही आणि कोलेस्टेरॉल आत साठवायची यंत्रणाही नाही. ज्या साधेपणासाठी ती निवडली त्याचीच ही मर्यादा. तेव्हा पेशीचं काम आपण बाहेरून करायचं. सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे सात ग्लुकोजचं कडं. त्याच्या पोकळीत कोलेस्टेरॉल बसतं आणि पटलातून बाहेर येतं. फार घातलं तर पेशी तशीच फुटेल, म्हणून आधी नुसत्या सायक्लोडेक्स्ट्रिननं न फुटण्याची पातळी शोधायची.

१३ सप्टेंबर

गणपतीचे दिवस, तरी चौघंही आली.

न फुटण्याची पातळी मिळाली. त्या पातळीवर पेशी अर्धा तास ठेवल्या, सलाईननं धुतल्या आणि मग रिठ्याच्या कामाच्या पातळीत सोडल्या. शेजारी न छेडलेल्या पेशी. न छेडलेल्या नेहमीसारख्या नितळ झाल्या. कोलेस्टेरॉल काढलेल्या बराच वेळ गढूळ राहिल्या. त्याच पेशी दुप्पट कडक रिठ्यात मात्र फुटल्या. म्हणजे बचाव आहे, पण त्याला हद्द आहे. नवं रक्त आणून पुन्हा केलं, क्रम तोच आला.

सूक्ष्मदर्शकाखाली कोलेस्टेरॉल काढलेल्या काही पेशींचा आकार बदललेला दिसला, कडा खडबडीत. किंमत मोजल्याशिवाय हा बचाव मिळत नाही, हे मुलांनी स्वतः वहीत लिहिलं. म्हणूनच शरीर हे कायमचं करून ठेवत नाही, वर्दी आल्यावरच करतं, असं मी त्याखाली जोडलं.

२४ सप्टेंबर

कॉलेजचं प्रदर्शन. टेबलावर सहा ट्यूब, मागे वर्तमानपत्राचं पान. ज्या ट्यूबमागचं अक्षर वाचता येतं तिथल्या पेशी गेल्या, एवढंच मुलं सांगत होती आणि लोक वाकून वाकून वाचत होते.

एका आशाताईंनी खूप वेळ थांबून ऐकलं. त्यांचा प्रश्न होता, मग घसा दुखणाऱ्या पोराला औषध अर्धवट सोडलं तर चालेल का, शरीर करतंच आहे तर? मुलीनं उत्तर दिलं: नाही. पेशी विषाचा मारा काही काळ झेलते, जिवाणू तिथेच असतो. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकसविरुद्ध उठलेला प्रतिकारच पुढे सांध्यांना आणि हृदयाच्या झडपांना इजा करू शकतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला पूर्ण कोर्स घ्यायचाच. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही, गरजच नव्हती.

म्हशीवाल्या मुलीचे वडील आले. गायीच्या अस्तराच्या चित्रापुढे उभे राहून त्यांनी लेकीलाच विचारलं, "मंग आपन काय करानं?" तिनं सांगितलं ते असं: व्यायची जागा कोरडी आणि स्वच्छ ठेवायची, वार हातानं ओढायची नाही, बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवायचं, पुढचे दहा-पंधरा दिवस वास आणि ताप पाहत राहायचं. त्या दिवसांत खालच्या पेशी उघड्या असतात. त्यांनी मान डोलावली आणि तो तक्ता गावच्या दूध डेअरीत लावायला मागितला.

तक्ता उद्या तिकडे जाईल. त्याआधी त्यावरचे मोठे शब्द कमी करून वार, अस्तर आणि डॉक्टरांना कधी बोलवायचं हा भाग अहिराणीत लिहायचा आहे. ते काम चौघांनी मागून घेतलं. सायक्लोडेक्स्ट्रिन थोडं उरलं आहे. दिवाळीनंतर अकरावीची मुलं कोंबडीच्या रक्तावर हाच प्रयोग करतील. तिच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं.